अडसराचे धनुष्य

चिनतेमीर, चिनतेमीरचा मुलगा ओर्मोकोय, ओर्मोकोयचा मुलगा बेकतुर, आणि बेकतुरची मुलगी मी, बुरुल. ही नावे माहेरची आहेत, म्हणून खणखणीत घेते. सासरच्या वडीलधाऱ्यांची नावे सुनेने उच्चारायची नाहीत असा आमच्याकडे दंडक आहे, आणि तो मी एकदाही मोडलेला नाही. माझ्या सासऱ्यांचे नाव एका नदीवरून ठेवलेले होते. त्यामुळे भूगोलाच्या वर्गाची तपासणी करतानाही मी त्या नदीला 'ते वाहते पाणी' म्हणत असे. आणि मी मुख्याध्यापिका असल्यामुळे सगळी शाळा तसेच म्हणत असे. काराकोल गावात आजही चाळिशीच्या पुढची बरीच माणसे अशी आहेत की ज्यांना त्या नदीचे खरे नाव चटकन आठवत नाही.

आमच्याकडे प्रत्येक मुलाला आपल्या सात पिढ्या पाठ असाव्या लागतात. मुलींनी पाठ केल्या तर कोणी रागावत नाही, पण त्या यादीत त्यांची स्वतःची नावे येत नाहीत. बुरुल या नावाचा अर्थच मुळी 'वळ' असा आहे. म्हणजे, नशिबा, मुली पुरे झाल्या, आता मुलाकडे वळ. नशीब वळले नाही. माझ्यानंतर आईला मूल झाले नाही, थोरल्या दोघी लहानपणीच गेल्या, आणि बेकतुरच्या घरातून वारशाने जे काही यायचे ते सगळे माझ्याकडे आले. त्यात चहाचे पाणी उकळायचा तांब्याचा एक सामोवार होता, जरासा तापट स्वभाव होता, आणि एक धनुष्य होते. म्हणजे, धनुष्य नव्हते. ते नव्हते हाच तर वारसा होता.

त्याचे असे झाले. चिनतेमीर एका मोठ्या मेजवानीला गेला. तिथे उंच खांबाला बारीक दोरीने चांदीची लगड टांगलेली होती, आणि जो घोड्यावरून ती बाणाने पाडील त्याची ती, अशी जुनी स्पर्धा होती. चिनतेमीरचे धनुष्य ऐन वेळी दगा देऊन बसले, म्हणून त्याने जानताय नावाच्या गृहस्थाचे मागून घेतले. जानतायने ते शिंग आणि लाकूड जोडून स्वतःच्या हाताने केलेले होते. चिनतेमीरने लगड पाडली, आनंदाच्या भरात धनुष्य गवतावर ठेवले, आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा तोंडाला लावला. वाडगा रिकामा होईपर्यंत त्या धनुष्यावर एक उंट बसलेला होता. उंटाला मी दोष देत नाही. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. चिनतेमीरने तिथल्या तिथे शब्द दिला, "असंच दुसरं, घरच्या हातांनी केलेलं, लगड पाडणारं धनुष्य तुला देईन." मग तो घरी आला, आणि आपल्याला धनुष्य करता येत नाही हे त्याच्या ध्यानात आले. ओर्मोकोय म्हणाला, मी देईन. बेकतुर दर वसंतात म्हणे, यंदा नक्की. आणि जानतायचे वंशज प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, मांसाचे ताट पुढे आले की हळूच विचारीत, "तो उंट उठला का हो?"

हे सगळे मी निमूट ऐकले असते. पण गेल्या वसंतात माझी नात जिपार हिला मागणी आली, ती नेमकी जानतायच्या पणतूच्या घरातून. पणतू म्हणजे एसेनामान, निवृत्त पशुवैद्य, रुंद छातीचा, रुंद टोपीचा, आणि त्याहून रुंद बोलण्याचा माणूस. नवरा मुलगा तिलेक हा त्याचा नातू. मुलगा गुणी आहे; त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझा मुलगा आणि सून बिश्केकला नोकरीत असतात, त्यामुळे बोलणी माझ्या घरी, माझ्या हुकमाखाली चालली होती.

एसेनामान उंटाचा विषय काढणार हे मी गृहीत धरले होते आणि त्यावर एक धारदार उत्तरही तयार ठेवले होते. मांस संपले, रस्सा आला. एसेनामानने मिशा पुसल्या.

"विहीणबाई," तो म्हणाला, "आज सोयरीक होतेय. ते जुनं धनुष्याचं प्रकरण मी आजपासून मिटवलं. बेकतुरला मुलगा झाला नाही. आता मुलीकडून काय मागायचं? माफ केलं."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. केवढे मोठे मन, असे कोणीतरी पुटपुटले. माझे धारदार उत्तर तसेच म्यानात राहिले, कारण ते टोमण्यासाठी केलेले होते, दयेसाठी नव्हते.

"व्याहीबुवा," मी म्हटले, "माफी मी जन्मभर वर्गात दिली. घ्यायची सवय नाही."

"अहो, मी चांगल्या मनाने—"

"तुमच्या मनाचा प्रश्न नाही. लग्नाच्या दिवशी तुमच्या अंगणात धनुष्य पोचेल. घरच्या हातांनी केलेलं. आणि ज्याचं देणं त्याने ते चालवून, लगड पाडून, सगळ्यांसमोर घ्यायचं."

"म्हणजे मी?"

"जानतायचे वारस तुम्हीच ना?"

लोक खूश झाले. कोणी टाळ्या वाजवल्या. एसेनामानने पुसलेल्या मिशा गरज नसताना पुन्हा पुसल्या. मग म्हणाला, "आणा. शिंगाचं नसलं तरी चालेल. नुसत्या लाकडाचं आणा. बाईमाणूस आहात, सूट दिली." आणि मी पुढे केलेली चहाची वाटी त्याने डाव्या हाताने घेतली. आमच्याकडे डाव्या हाताने वाटी घेणे म्हणजे काय, हे मी इथे लिहीत नाही. माझ्या लेखणीला ते शोभणार नाही. उठताना आशीर्वादासाठी सगळ्यांनी तळवे चेहऱ्यापर्यंत नेले, तेव्हा या गृहस्थाचे हात छातीच्या वर गेले नाहीत. मी दोन्ही अपमान नीट ध्यानात ठेवले.

पाहुणे गेल्यावर जिपार माझ्याजवळ येऊन बसली. आजीला आमच्याकडे आपा म्हणतात. "आपा, करशील ना खरंच? नाही झालं तर त्या घरात मी जन्मभर उंटवाल्यांची पोर. सासूबाई बोलणार नाहीत, पण तिलेकचे आजोबा बोलतील. आणि आजोबा रोज जेवायला असतात."

"मी भूमिती शिकवलेली आहे," मी म्हणाले. "कमानीची भीती मला घालू नकोस."

आता आमच्या ह्यांच्याविषयी दोन शब्द. हे हवामान खात्यात निरीक्षक होते. म्हणजे ढगांकडे, वाऱ्याकडे आणि पर्जन्यमापकाकडे पाहण्याचा त्यांना पगार मिळे. बोलण्याचा मिळत नसे, त्यामुळे ती सवय त्यांना लागली नाही. ते फक्त एवढे म्हणाले, "बाजारात तयार मिळतं. वरचा रंग खरवडून दिलं तर?" मी त्यांच्याकडे पाहिले. ते ढगांकडे पाहू लागले.

लाकूड लागणार करागाचचे, हे मला ठाऊक होते; आपल्या वावळ्याच्या नात्यातले हे झाड मोठे चिवट, आमच्या फाटकासमोरच रस्त्याच्या कडेला उभे आहे. पण ते झाड सरकारी. म्हणून मी नगरपालिकेत गेले. तिथे झाडांच्या खात्यावर मेलिस बसतो. तो माझा विद्यार्थी. प्रमेयाच्या मध्यावर रडू लागायचा. मला पाहून तो उठून उभा राहिला आणि संपूर्ण संभाषणभर उभाच राहिला.

"एजे," तो म्हणाला, कारण आमच्याकडे शिक्षिकेला थोरली बहीण म्हणतात, "उभं झाड आमच्या खात्यात येतं. त्याला हात लावता येत नाही."

"एक फांदी पाडली तर?"

"पडलेली फांदी सफाई खात्यात जाते."

"आणि झाडाची पानं?"

"ती जळण म्हणून... ते विचारावं लागेल."

"मग त्या झाडातलं माझ्या मालकीचं काय, मेलिस?"

त्याने बराच विचार केला. लहानपणीही तो विचार करायचा. तेवढे मात्र मी मान्य करते. "सावली, एजे," तो म्हणाला. "दुपारनंतरची."

घरी येते तो शेजारचे तुर्सुनआली फाटकातच भेटले. हे भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. माझ्या हाताखाली काम केलेले असूनही त्यांचा आत्मविश्वास टिकून आहे. ते म्हणाले, "फांदी मिळाली असती तरी उपयोग नव्हता. ओलं लाकूड. वर्षभर सुकवावं लागतं. लग्न सफरचंदं उतरवल्यावर आहे ना?" आणि बोलता बोलता त्यांनी फाटकाच्या अडसरावर हात ठेवला.

मी त्या हाताकडे पाहिले. मग अडसराकडे पाहिले. करागाचचा अडसर, माणसाच्या उंचीचा, सरळ रेषांचा, एका टोकाजवळ एकच गाठ. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे त्या वाहत्या पाण्यांनी, स्वतःच्या हातांनी केलेला. कितीतरी हिवाळे त्याने वाळण्यात घालवले होते.

"फाटक कशाने लावायचं मग?" आमच्या ह्यांनी विचारले.

"माझ्या दराऱ्याने," मी म्हणाले.

हे वाक्य उच्चारताना मला अतिशय समाधान वाटले होते. पुढे जे काही झाले ते सगळे या एका वाक्यामुळे झाले.

काम सुरू झाले. वाकसाने जाड भाग उतरवला, रंध्याने बाजू साधल्या. धनुष्याला पाठ असते आणि पोट असते. पाठीला हात लावायचा नाही, तिथली एकसंध रेष तुटली की धनुष्य तुटते. जे काय खरवडायचे ते पोटाकडून. माणसांच्या बाबतीतही मी हेच धोरण ठेवत आले आहे. तेवढ्यात असे दिसले की अडसर एका बाजूला किंचित पीळ खाऊन आहे. हे कोणालाही सांगितलेले नव्हते. पण फाटक उघडे होते, आणि उघड्या फाटकातून पलीकडच्या वालेंतीना स्तेपानोव्हना आत आल्या.

"वाफ द्या," त्या म्हणाल्या. "आमच्या बान्यात ठेवा शनिवारी. माझ्या नवऱ्याची कंबर तिथेच सरळ झाली."

शनिवारी त्यांच्या लाकडी स्नानघरात बायकांची पाळी असते. तेव्हा मी, वालेंतीना आणि तो भावी धनुष्यदंड असे तिघे वाफेत बसलो. वालेंतीनांनी सवयीने बर्चच्या डहाळ्यांनी त्यालाही झोडपले. पीळ निघाला, हे कबूल केले पाहिजे. मात्र लाकूड घेऊन मी लाल चेहऱ्याने, डोक्याला पंचा गुंडाळून फाटकातून परत येत असताना समोर एसेनामान उभा होता.

"सहज चाललो होतो," तो म्हणाला. "फाटक उघडं दिसलं."

आता मुख्य काम उरले होते. धनुष्य वाकते ते दोन्ही भुजांनी सारखे वाकले पाहिजे. एक भुजा ताठ आणि एक लवचीक असेल तर ते संसारासारखे चालते, पण बाण सरळ जात नाही. म्हणून पडवीच्या खांबाला वर एक खाच केली, धनुष्याची मूठ त्यात आडवी बसवली, खाली एक कडी ठोकली, आणि दोरी कडीतून ओवून आमच्या ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ओढायचे, मी समोर खुर्चीवर बसून पाहायचे. मागच्या भिंतीवर मी खडूने आदर्श कमान काढली होती. ती कमान इतकी निर्दोष होती की धनुष्याला तिच्याकडे पाहून लाज वाटायला हवी होती.

"ओढा," मी म्हणे. "थांबा. डावी ताठ आहे. सोडा."

मग मी काचेच्या तुकड्याने डावीचे पोट खरवडी. पुन्हा ओढा, थांबा. आता उजवी ताठ. उजवी खरवड. पुन्हा डावी. मला आमच्या शाळेतले एक डुगडुगणारे टेबल आठवले. शिपायाने त्याचा एक पाय कापला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. शेवटी ते इतके ठेंगणे झाले की शिक्षकांच्या खोलीत जमिनीवर बसून जेवायला उत्तम चालू लागले. त्या शिपायाला मी तेव्हा फार बोलले होते.

तिसऱ्या दिवशी दोरी सुटली. धनुष्य खाचेतून निसटले, पडवीतून उडाले, वाळत घातलेल्या जर्दाळूंची ओळ घेऊन गेले, आणि थेट बेकतुरच्या सामोवारावर आदळले. वारशातल्या दोन गोष्टींची अशी गाठ पडली. सामोवाराला खोक आली, धनुष्याला काही झाले नाही. आमचे हे मागे कलंडून कोबीच्या पिंपात बसले होते.

"वारा कुठून होता?" एवढेच त्यांनी विचारले.

या आवाजाने शेजार गोळा झाला. आणि इथे मला आमच्या एका थोर चालीबद्दल सांगितले पाहिजे, कारण घात तिनेच केला. आमच्याकडे कोणी घर बांधू लागले, भिंत घालू लागले, लोकर तुडवून नमदा करू लागले, की शेजारीपाजारी न बोलावता येतात आणि हात लावतात. याला 'आशार' म्हणतात. आलेल्या माणसाचा हात नाकारायचा नसतो. त्यात त्याचा अपमान, कामाचा अपशकुन, आणि घराची बदनामी असते. त्याला जेवू घालायचे आणि त्याचा हात लागू द्यायचा. मोठा माणूस असेल तर त्याचा हात म्हणजे बरकत. आमची सगळी वस्ती अशी उभी राहिली आहे. मात्र भिंतीला जितके हात लागतील तितकी भिंत वाढते. धनुष्याला जितके हात लागतील तितके धनुष्य कमी होते. हा फरक आमच्या पूर्वजांनी कोणाला बजावून ठेवलेला नाही.

फाटकाला अडसर असता तर कडी वाजली असती, मी धनुष्य गादीखाली सरकवले असते. आता माणसे सरळ पडवीत येत.

"बुरुल, काच दे इकडे," नव्वदीला टेकलेले कोपऱ्यावरचे म्हातारे म्हणत. "माझा हात लागू दे. बरकत." आणि थरथरत्या हाताने एक लांब पापुद्रा काढीत. जवळजवळ नेहमीच नको तिथे.

तुर्सुनआलींनी लोकर तोलायचा काटा आणला, दोरीला अडकवला, आणि धनुष्याचा जोर अडून बसलेल्या मेंढ्याइतका असल्याचे जाहीर केले. "किंचित जास्त आहे," असे म्हणून त्यांनी कानस घेतली. वालेंतीनांनी गाठीजवळ कानस चालवली आणि तिथे धनुष्य एकाच जागी मोडल्यासारखे वाकू लागले. मग त्या वाकाला बाकीचे जुळवण्यासाठी सगळ्याच लांबीवरून उतरवावे लागले. मेलिससुद्धा एकदा आला, सरकारी झाडाला इजा झालेली नाही याची खात्री करायला. मोठ्या आदराने उभ्या उभ्याच त्याने एक पापुद्रा काढला. आणि प्रत्येकाला मी जेवू घालत होते. लाकडाच्या प्रत्येक पापुद्र्यामागे माझ्याकडचे वाटीभर शेवयांचे मटण गेले.

या सगळ्यांत नियमाने येणारा माणूस म्हणजे एसेनामान. कधी तो मध आणी, कधी आमच्या गायीची नाडी पाहायला येई. गाय ठणठणीत होती. मग चहा होई. मग तो म्हणे, "बघू तरी आमचा माल." तो धनुष्य हातात घेई, दोरी जराशी ओढी, लगेच सोडी, आणि म्हणे, "कडक आहे, विहीणबाई. आमच्या पूर्वजांची धनुष्यं कशी, शब्दासारखी मऊ."

"तुमच्या शब्दांसारखी?" मी विचारी.

"द्या ती काच. घेणाऱ्याचाही हात लागू दे." आणि तो खरवडत बसे. दोन्ही भुजा, अगदी सारख्या. काम मात्र नीट करी, हे मला नाइलाजाने दिसत होते. चहाची वाटी तो दर वेळी डाव्या हाताने घेई. दर वेळी मी मनात नोंद करी.

सफरचंदे उतरली. लग्न उद्यावर आले. दोन्ही भुजा भिंतीवरच्या खडूच्या कमानीला टेकतील अशा वाकत होत्या; इतकी सुंदर कमान की वर्गात दाखवावी. मी दोरी ओढून पाहिली. ती सहज आली. जिपारने ओढली, तिला एका हातात फोन धरूनही जमले. तुर्सुनआलींनी काटा लावला, काढला, आणि पुन्हा लावून पाहिला.

"मेंढा?" मी विचारले.

"कोकरू," ते म्हणाले. "तेही दूध पिणारं. बाण लगडीपर्यंत जाईल, जाणारच नाही असं नाही. पण लोक हसतील. एकच उपाय. दोन्ही टोकं चार-चार बोटं कापा. धनुष्य आखूड झालं की कडक होतं. भौतिकशास्त्र."

दुपारी मी करवत घेऊन पडवीत बसले. जिपार चोळीला शेवटचे टाके घालत होती आणि माझ्याकडे पाहणे टाळत होती. धनुष्याचे एक टोक मी गुडघ्यावर धरले, खुणेची रेघ मारली.

"राहू द्या," आमचे हे म्हणाले.

माझ्या आठवणीत ह्यांनी मला 'राहू द्या' असे यापूर्वी म्हटलेले नव्हते, म्हणून मी करवत थांबवली. आदराने नव्हे, आश्चर्याने.

"त्याचा उजवा हात वर जात नाही," हे म्हणाले.

"कोणाचा?"

"एसेनामानचा. खांद्यातून. वाटी डाव्या हाताने घेतो. टोपी काढायला मान खाली घालतो. आशीर्वादाला हात छातीशी थांबतात. वसंतापासून तसंच आहे."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तुम्ही विचारलं नाहीत," हे म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कडक होतं तेव्हा त्याला ओढता येत नव्हतं. म्हणून येऊन खरवडायचा. आता येतं."

मी करवत मांडीवर ठेवली. इतके दिवस मनात जपलेले अपमान एकेक करून समोर आले, आणि एकेक करून नुसते दुखरे खांदे झाले. आपला राग आपल्या हातून असा कोणी काढून घेतला की मोठे मोकळे आणि मोठे उघडे वाटते.

पण मी संत नाही. पुढचा विचारही माझ्या मनात आला, आणि तो मी इथे लिहिते. टोके कापली तर धनुष्य कडक होणार. उद्या साऱ्या सोयऱ्यांपुढे एसेनामान ते हातात घेणार, आणि त्याला ते ओढता येणार नाही. 'मुलीकडून काय मागायचं' म्हणणाऱ्याला मुलीने केलेले धनुष्य वाकणार नाही. याहून गोड दृश्य बेकतुरच्या घराने तीन पिढ्यांत पाहिले नसते. मी ते दृश्य मनात एकदा पूर्ण पाहिले. चवीने पाहिले.

मग जिपारकडे पाहिले. तिला त्या म्हाताऱ्याबरोबर रोज जेवायचे होते.

"करवत जागेवर ठेवा," मी ह्यांना म्हणाले. "देणं फेडायचं ते घेणाऱ्याला उचलता येईल असंच फेडायचं असतं."

"हं," हे म्हणाले आणि आभाळाकडे पाहिले. "उद्या वारा नाही."

लग्नाच्या दिवशी खरेच वारा नव्हता. एसेनामानच्या सफरचंदांच्या बागेत खांब रोवला होता. लगडीच्या जागी मी माझ्या आईच्या वेणीतले चांदीचे फूल बारीक धाग्याने टांगले. खांबाची उंची मी मेलिसला आधीच सांगून ठेवली होती. ती पुरातन प्रथेपेक्षा जराशी कमी होती. नगरपालिकेचा माणूस असल्यामुळे त्याने कारण विचारले नाही.

"घोड्यावरून, व्याही," कोणीतरी ओरडले. "चिनतेमीर घोड्यावर होता."

एसेनामानचा चेहरा टोपीखाली बदलला.

"घोड्यांना आज विश्रांती आहे," मी वर्गातल्या आवाजात म्हणाले. "पशुवैद्यांचाच सल्ला आहे. हो ना, व्याहीबुवा?"

त्याने माझ्याकडे पाहिले. म्हाताऱ्या माणसांना फार बोलावे लागत नाही. "हो," तो म्हणाला. "मीच सांगितलंय."

मी धनुष्य दोन्ही हातांवर आडवे धरून त्याच्यापुढे केले. त्याने डाव्या हाताने मूठ धरली, तीच योग्य पद्धत होती, आणि उजव्या हाताने दोरी ओढली. हात वर गेला, छातीपर्यंत, जिथे तो नेहमी थांबे तिथपर्यंत. आणि त्या जागी धनुष्य पूर्ण वाकलेले होते. माझी कमान, भिंतीवरची, खडूची. ती त्याच्या छातीशी तंतोतंत उभी होती.

पहिला बाण मांसाच्या कढईच्या झाकणावर वाजला. आचाऱ्याने तो उचलून सौजन्याने परत आणून दिला. दुसरा सफरचंदाच्या झाडात राहिला आणि बहुधा अजून आहे. लोक हसू लागले, आणि जिपारने तिलेकची बाही घट्ट पकडलेली मला दिसली. तिसरा बाण निघाला तो घाई न करता, जरा वाकत, एखाद्या वयस्कर गृहस्थाने रस्ता ओलांडावा तसा गेला, धाग्याला घासला, आणि चांदीचे फूल गवतात पडले.

आवाज उठला तो टेकड्यांवरून परत आला. एसेनामानने मान खाली घालून टोपी काढली, फूल उचलले, आणि जिपारच्या तळहातावर ठेवले. मग तो माझ्यापाशी आला आणि कोणाला ऐकू जाणार नाही असे म्हणाला, "वजन अगदी बेताचं झालंय, विहीणबाई."

"तुमच्याच हाताचं आहे," मी म्हणाले. "आशार."

तो हसला नाही. मागे वळून सगळ्यांसमोर उभा राहिला. फिटलेले देणे चारचौघांत नावे घेऊन सांगायचे असते. तेव्हाच ते फिटले असे धरतात.

"ऐका," तो म्हणाला. "जानतायचं धनुष्य त्याच्या घरी परत आलं. दिलं चिनतेमीरने, त्याचा मुलगा ओर्मोकोय, त्याचा मुलगा बेकतुर—"

इथे यादी संपते. सगळ्यांना ठाऊक होते, मलाही होते. मी जागची हलले नाही. निकाल वाचणाऱ्याकडे पाहावे तशी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. एसेनामानने श्वास घेतला.

"—आणि बेकतुरची बुरुल," तो म्हणाला. "आता आमचं बेकतुरच्या घराकडे काही बाकी नाही. पूर्ण फिटलं."